नव्या नोकरीत सहकाऱ्यांबरोबर काम करायला कसे शिकावे

नोकरीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला त्याच्या वाट्याचे काम शिकवणारे कोणी ना कोणी भेटते. ते काम दुसऱ्याच्या कामाला जोडायचे कसे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही. ते हळूहळू आपोआप जमेल असे गृहीत धरले जाते आणि जमले नाही, तर वार्षिक मूल्यमापनात ‘टीममध्ये काम करणे जमत नाही’ असा शेरा येऊन बसतो. शेरा वाचणाऱ्याला वाटते, आपला स्वभावच कमी पडला. माझ्या मते यात स्वभावाचा वाटा समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. मोजके बोलणारी, सुट्टीत एकटी बसणारी माणसे उत्तम सहकारी असलेली दिसतात. उलट सगळ्यांशी हसूनखेळून वागणाऱ्या एखाद्याकडे काम गेले की ते परत येईपर्यंत कोणाला चैन पडत नाही.

कामे बिघडतात ती बहुधा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले, ते अशाच एका सांध्यावर. एका गटाचे सॉफ्टवेअर यानाला मिळणाऱ्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदांत देत होते आणि ते आकडे वापरणारा गट ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालला होता. दोन्हीकडची माणसे आपापल्या कामात तरबेज होती. तुमच्या-आमच्या कामात यान पडत नाही, पण चुकीच्या महिन्याचे आकडे, जुनी फाइल, ‘मला वाटले तुम्ही कळवले असेल’ या गोष्टी रोज घडतात आणि त्यांचे मूळ तेच असते. पुढच्या पायऱ्या या सांध्यांविषयी आहेत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून साधारण ज्या क्रमाने त्यांची गरज पडते, त्याच क्रमाने त्या दिल्या आहेत.

पायरी पहिली: आपले काम कोठून येते आणि कोठे जाते ते शोधा

रुजू झाल्यावर तुम्हाला कार्यालयाचा जो तक्ता दाखवला जातो, त्यात कोण कोणाच्या हाताखाली आहे एवढेच समजते. रोजचे काम त्या रेघांवरून चालत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात एका कोऱ्या कागदावर मधोमध आपले काम लिहा, डाव्या बाजूला ज्यांच्याकडून तुम्हाला माहिती, फाइली किंवा मंजुरी मिळते त्यांची नावे लिहा आणि उजव्या बाजूला तुमचे काम ज्यांच्या हाती जाते त्यांची. उजवी बाजू भरताना बहुतेक नवे लोक अडखळतात, कारण आपण केलेल्या कामाचे पुढे काय होते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मग उजवीकडच्या प्रत्येकाला आधी वेळ विचारून पंधरा-वीस मिनिटे भेटा. गप्पा मारायला जाऊ नका, दोन प्रश्न घेऊन जा. माझ्याकडून तुम्हाला नेमके काय, कोणत्या स्वरूपात आणि कधी लागते, हा पहिला. आजवर या कामात तुमचे कोठे अडत आले आहे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे असते, कारण ते कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नसते. लेखा विभागातील कोणी सांगेल की तुमच्या विभागाकडून येणाऱ्या तक्त्यात तारखा नेहमी निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात आणि त्या सरळ करण्यात त्यांची महिन्यातली एक सकाळ जाते. तारखा एका पद्धतीने लिहायला तुम्हाला काहीच कष्ट पडत नाहीत, पण पहिल्याच महिन्यात ते केलेत, तर त्या विभागात तुमचे नाव वेगळ्या सुरात घेतले जाऊ लागते.

अशा भेटीत जुन्या तक्रारीही ऐकायला मिळतील. कोणाचे कोणाशी पटत नाही, पूर्वी या जागेवर कोण होते आणि त्याने काय घोळ घातला, हे सगळे नव्या माणसापुढे मोकळे केले जाते. ते ऐकून घ्या, मान हलवण्याचीही घाई करू नका आणि तेथून उठलात की ते तेथेच ठेवा.

पायरी दुसरी: काम घेताना ते परत म्हणून दाखवा

विमानतळावरील नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिक ‘समजले’ एवढ्यावर थांबत नाही, सूचनेतील महत्त्वाचा भाग तो परत म्हणून दाखवतो आणि तो बरोबर आहे की नाही हे नियंत्रक ऐकतो. कामाच्या ठिकाणी हीच सवय सर्वांत आधी लावून घ्यावी, असे मला वाटते.

समजा, वरिष्ठ जाता जाता म्हणाले, “गेल्या तिमाहीचे तक्रारींचे आकडे जरा काढून ठेवा.” नवा माणूस “हो सर” म्हणतो, दोन दिवस खपून विभागवार तक्ते, आलेख आणि निष्कर्ष असे बारा पानांचे काम घेऊन जातो आणि तोवर त्या आकड्यांची वेळ टळून गेलेली असते. त्याऐवजी तेथल्या तेथे एवढेच विचारायला हवे होते: “जानेवारी ते मार्चमध्ये आलेल्या तक्रारी, विभागवार काढायच्या ना सर? आणि हे कशासाठी आणि कधीपर्यंत लागेल?” उत्तर कदाचित असे आले असते: “विभागवार नको. उद्या अकराच्या मीटिंगमध्ये मागच्या वर्षीपेक्षा वाढल्या की कमी झाल्या, तेवढे सांगायचे आहे. दोन ओळी पुरेत.” बारा पानांचे काम दोन ओळींवर आले आणि तेही वेळेत.

वरिष्ठांनी मुद्दाम अर्धवट सांगितले, असा याचा अर्थ नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांना परिचित गाण्यांची चाल टेबलावर बोटाने वाजवायला सांगितली आणि समोरच्याने गाणे ओळखायचे, असे ठरले. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चालू असते, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. काम सांगणाऱ्याचेही असेच होते. त्याला मागचा संदर्भ ठाऊक असतो, त्यामुळे आपण सगळे सांगितले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तेव्हा काय करायचे, कोणाला कशासाठी हवे आहे, कधी हवे आहे आणि कितपत पक्के हवे आहे, या चार गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय काम हाती घेऊ नये. शेवटची गोष्ट विचारायची राहून जाते. कच्चा अंदाज हवा असताना पक्का अहवाल करत बसणे, हा नव्या माणसाच्या वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे.

पायरी तिसरी: मदत मागण्याची रीत

येथे दोन टोके दिसतात. काही जण प्रत्येक बारीक गोष्टीसाठी शेजारच्याला उठवतात आणि काही जण अज्ञान उघडे पडेल या भीतीने दोन दिवस एकाच जागी अडकून राहतात. दुसरे टोक अधिक महागात पडते, तरी पहिल्यालाच नावे ठेवली जातात, हे थोडे अन्यायाचे आहे.

साधा नियम असा ठेवावा की अर्धा-पाऊण तास स्वतः प्रयत्न करूनही वाट सापडत नसेल, तर विचारायचे. विचारताना काय करायचे आहे, काय करून पाहिले आणि कोठे अडले, हे तीन वाक्यांत सांगायचे. “हे चालत नाही, जरा बघता का?” असे विचारले की समोरच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. “मंजुरीसाठी अर्ज पाठवतो आहे, दोनदा पाठवला, दोन्ही वेळा ‘विभाग क्रमांक चुकीचा’ असे येते, क्रमांक मी जुन्या अर्जावरून घेतला आहे,” असे सांगितले तर उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. तातडीचे नसलेले प्रश्न वहीत जमवून ठेवा आणि दिवसातून एकदा एकत्र विचारा. मिळालेले उत्तर लिहून ठेवा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर कोणी मनावर घेत नाही, तिसऱ्यांदा मात्र आपले सांगणे वाया जाते आहे असे समोरच्याला वाटू लागते.

संगणक अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली मांडलेला एक नियम या व्यवसायात प्रसिद्ध आहे: आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली की तो आणखी रेंगाळतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसांत बोलण्याच्या वाटाही वाढतात, हे त्याचे कारण. पाच जणांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५, पंधरा जणांत १०५. म्हणजे तुमच्या येण्याने सुरुवातीला टीमचा वेग थोडा कमी होणारच. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. मात्र ज्याचा वेळ आपण घेतो आहोत, त्याच्या वेळेची जाण असू द्यावी.

पायरी चौथी: काम पुढे देताना

या पायरीवर थोडे रेंगाळतो, कारण सहकाऱ्यांचे तुमच्याविषयीचे मत बहुतांशी येथेच तयार होते. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय सुटता सुटता असा निरोप येतो: “फाइल पाठवली आहे. कृपया पाहून घ्यावी.” ज्याला तो मिळाला, त्याच्या मनात लगेच प्रश्नांची रांग लागते. कोणती फाइल? आधी पाठवली होती तीच की बदललेली? काय बदलले? पाहून घ्यावी म्हणजे तपासायची, मंजूर करायची की फक्त माहितीसाठी? आज की सोमवारी? पाठवणाऱ्याच्या लेखी काम संपले, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र शोधाशोध आली.

तोच निरोप असा लिहिता येतो: “ग्राहक तक्रारींचा मार्चचा तक्ता सोबत जोडला आहे. बुधवारी पाठवलेल्या तक्त्यात परत आलेल्या तक्रारी दोनदा मोजल्या गेल्या होत्या, त्या यात वगळल्या आहेत. त्यामुळे एकूण संख्या कमी दिसेल. शेवटच्या तीन ओळींचे आकडे शाखेकडून तोंडी मिळाले आहेत, लेखी यायचे आहेत. फक्त तिसऱ्या स्तंभातील बेरजा सोमवारी दुपारपर्यंत तपासून कळवाव्यात. बुधवारचा तक्ता कृपया वापरू नये.” लिहायला चार मिनिटे जास्त लागतील, पण वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. तोंडी मिळालेल्या आकड्यांचे वाक्य यातले सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या कामातली कच्ची जागा आपणच दाखवून दिली, की उरलेल्या कामावर समोरचा निर्धास्तपणे विसंबतो. ती लपवली आणि त्याला नंतर सापडली, तर यापुढे तुमचे प्रत्येक काम तो पहिल्यापासून तपासणार.

रुग्णालयांत पाळी बदलताना रुग्णाची माहिती देण्यासाठी चार भागांची एक पद्धत वापरतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आरोग्यसेवेत आली. सध्या स्थिती काय आहे, मागची पार्श्वभूमी काय, माझा अंदाज काय आणि तुम्ही काय करावे असे मला वाटते, या क्रमाने बोलायचे. कोणत्याही कार्यालयात ती जशीच्या तशी चालते. अनेक जण पहिले दोन भाग भरभरून सांगतात आणि चौथ्यापाशी गप्प होतात, कारण वरिष्ठांना ‘तुम्ही हे करा’ असे सांगणे अवघड वाटते. पण नेमकी मागणी नसलेला निरोप वाचला जातो आणि तसाच पडून राहतो.

आपल्याला हे सगळे ठाऊक आहे, याद्या कशाला, असे अनुभवी माणसांनाही वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. तीत अवघड काहीच नव्हते: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया योग्य जागीच होते आहे ना, आणि सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगणे. निरनिराळ्या देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा वारंवार पुढे द्याव्या लागणाऱ्या कामासाठी पाच-सहा ओळींची स्वतःची यादी करा आणि ‘पाठवा’ हे बटण दाबण्यापूर्वी तिच्यावरून नजर फिरवा. सोबतची फाइल जोडली का, ही त्यातली पहिली ओळ असू द्या.

पायरी पाचवी: उशीर होणार असेल तर

उशीर होतो, तो सगळ्यांना होतो. राग येतो तो उशीर मुदतीच्या दिवशी कळल्याचा. गुरुवारचे काम गुरुवारी होणार नाही हे बहुधा मंगळवारीच कळलेले असते, पण रात्री बसून करू या आशेवर मंगळवार आणि बुधवार निघून जातात आणि त्या दोन दिवसांत समोरच्याला जी पर्यायी सोय करता आली असती, ती हुकते.

कळवताना कारणांची लांबण लावू नये. “गुरुवारऐवजी शनिवारी दुपारी देता येईल. गुरुवारी निदान पहिले दोन भाग हवे असतील तर ते तयार आहेत, पाठवू का?” एवढे पुरे. ‘जवळजवळ झाले आहे’ किंवा ‘नव्वद टक्के झाले आहे’ असे सांगू नका. त्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. कोणते भाग संपले आणि कोणते उरले, ते नाव घेऊन सांगा.

पायरी सहावी: मीटिंगमध्ये तुमच्याजवळचे बोला

पहिल्या काही महिन्यांत गप्प बसून ऐकावे, असा सल्ला वडीलधारे देतात आणि तो निम्माच बरोबर आहे. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवून दिले, की गट चर्चेला बसतो तेव्हा सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलणे होत राहते आणि एखाद्यालाच ठाऊक असलेली माहिती पुढे येत नाही. त्यापायी सगळ्यांच्या तुकड्यांतून जो चांगला पर्याय दिसला असता, तोही हातचा जातो. नव्या माणसाजवळ असे तुकडे बरेच असतात. आदल्याच दिवशी ग्राहकाशी फोनवर तो बोललेला असतो, किंवा जुन्या पद्धतीतली जी अडचण सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे, ती त्याला अजून खुपत असते. मत देण्याची घाई नको, पण माहिती द्यायला मुहूर्त पाहू नये. “याविषयी काल शाखेतून वेगळे कळले आहे, सांगू का?” असे म्हटले की कोणीही थांबून ऐकते.

मीटिंगला जाण्यापूर्वी विषय वाचून जा, हे सांगायला नको. न सांगता करण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे निर्णयांची नोंद. चर्चेचे सविस्तर इतिवृत्त कोणी वाचत नाही. काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढ्या पाच-सात ओळी तासाभरात सगळ्यांना पाठवा. हे काम कोणाला नको असते, त्यामुळे नव्या माणसाला ते सहज मिळते. शिवाय सगळ्या कामांचे धागेदोरे त्याला त्यातून कळतात. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहा. ‘विक्री विभाग पाहील’ असे लिहिलेले काम पुढच्या मीटिंगमध्ये जसेच्या तसे परत येते.

एकाच नावाचा आग्रह धरण्याला कारण आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोरखंड ओढण्याचे प्रयोग करून १९१३ मध्ये प्रसिद्ध केले होते, की ओढणारे वाढत गेले तशी दरडोई ओढ कमी होत गेली. काही अंशी हे सर्वांचा जोर एकाच क्षणी न लागल्यामुळे होते आणि काही अंशी माणूस घोळक्यात हात आखडता घेतो म्हणून. बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हा दुसरा भाग वेगळा करून दाखवला. प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू येणार असला की ही ढिलाई कमी होते, असेही पुढे दिसून आले. आळशी माणसेच हात आखडतात असे नाही. आपण केले काय आणि न केले काय, कोणाला कळणार, असे वाटू लागले की कामसू माणूसही तेच करतो.

पायरी सातवी: पटत नसेल तर ते कसे सांगावे

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे की नाही, अशी शंका विचारली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि शंका तेथेच विरली. १९७९ साली नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा विषय आला: कनिष्ठाने हरकत कशी घ्यावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी.

त्यातून कार्यालयापुरते घेण्याजोगे हे, की हरकत पायऱ्यापायऱ्यांनी वाढवता येते. आधी प्रश्न: “ही तारीख ठरवताना छपाईचे चार दिवस धरले आहेत का?” उत्तर टोलवले गेले, तर काळजी स्वतःच्या नावावर मांडा: “मला भीती वाटते की चार दिवस धरले नाहीत तर माल वेळेत निघणार नाही.” तरीही गाडी पुढेच जात असेल आणि नुकसान मोठे असेल, तर स्पष्ट मागणी: “तारीख कळवण्यापूर्वी छपाईवाल्यांशी एकदा बोलू या, मला दहा मिनिटे द्या.” बहुतेक मतभेद पहिल्या पायरीवरच मिटतात. या तिन्ही वाक्यांत कोणावर ठपका नाही, चर्चा तारखेवरच राहते, हे ध्यानात घ्या. वरिष्ठांची चूक चारचौघांत दाखवण्याची वेळ आली, तर प्रश्नाच्या पायरीपुढे जाऊ नये; बाकीचे केबिनमध्ये बोलावे. याला अपवाद एकच: कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा.

सांगून झाले आणि निर्णय तुमच्या मताविरुद्ध गेला, की तो आपलाच निर्णय असल्यासारखा पार पाडावा. ‘मी आधीच म्हणालो होतो’ हे वाक्य खरे असले तरी त्याने कोणाचेच काम पुढे सरकत नाही.

मेलवर वाद घालू नये. लिहिताना आपल्या मनातला सूर वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो असे वाटत असते, पण कोरड्या दोन ओळी समोरच्याला तुसड्या वाटू शकतात आणि थट्टा टोमणा वाटू शकते. दोन उत्तरांत विषय मिटला नाही, तर तिसरे लिहिण्याऐवजी फोन करा किंवा उठून त्या टेबलापाशी जा आणि जे ठरेल ते नंतर एका ओळीत लिहून पाठवा. चिडून लिहिलेल्या मेलमध्ये वरिष्ठांना प्रत जोडणे तर कटाक्षाने टाळावे. त्या एका कृतीने पुढचे सहा महिने कोणी तुमच्याशी मोकळेपणी बोलत नाही.

चुकांचेही याच ठिकाणी सांगून टाकतो. एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतील पथके अभ्यासत असताना त्यांना असे आढळले, की चांगली समजली जाणारी पथके अधिक चुका नोंदवतात. त्यांच्याकडून चुका अधिक होत होत्या असे नव्हे. चूक बोलून दाखवण्याची तेथे भीती नव्हती, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे मांडले. तुमच्या टीममधले वातावरण बदलणे पहिल्या वर्षी तुमच्या हातात नसते. आपली चूक कळली की दिवस मावळण्यापूर्वी सांगणे आणि दुसऱ्याने सांगितली की “बरे झाले सांगितले, आता काय करू या?” एवढेच म्हणणे, हे हातात असते.

पायरी आठवी: श्रेयाचा हिशेब

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये पती-पत्नींना घरातील कामांत आपापला वाटा किती, असे वेगवेगळे विचारले. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुधा पूर्णाच्या पुढे जात होती. स्वतः केलेले सगळे आठवते, दुसऱ्याने केलेले दिसलेलेच नसते. म्हणून सहकारी आपल्याहून कमी काम करतो असे वाटले, तर आधी निदान थोडा हिशेब स्मरणशक्तीच्या नावे लिहावा.

ज्याने मदत केली, त्याचे नाव कामासोबतच लिहा. “बेरजांतील चूक लेखा विभागाने दाखवून दिली” असे एक वाक्य मेलमध्ये असले की पुढच्या वेळी तीच माणसे आपणहून चूक दाखवतात. आपले काम कोणी स्वतःच्या नावावर सांगत असेल, तर पहिल्या वेळी दुर्लक्ष करावे, दुसऱ्या वेळी त्याच माणसाला एकट्याला गाठून शांतपणे विचारावे. काम पुढे देताना लेखी निरोप लिहिण्याची सवय असेल, तर कोणी काय केले हे बहुधा त्या निरोपांतच दिसते आणि भांडण्याची वेळ येत नाही.

पायरी नववी: समोरचा सहकार्य करत नसेल तर

एवढे सगळे करूनही एखादा माणूस निरोपांना उत्तर देत नाही, दिलेली तारीख पाळत नाही. त्याला आळशी किंवा आडमुठा ठरवण्यापूर्वी त्याच्या टेबलावर सध्या काय आहे ते विचारा. पुष्कळदा त्याला दुसऱ्या कोणी दुसरेच काम आधी करायला सांगितलेले असते आणि ही गोष्ट तुम्हा दोघांपैकी कोणाच्याच हातात नसते. तसे असेल, तर दोघांनी मिळून वरिष्ठांकडे जावे आणि कोणते काम आधी, एवढाच प्रश्न ठेवावा.

तसे नसेल आणि दोनदा समोरासमोर बोलूनही फरक पडला नाही, तर वरिष्ठांना सांगणे ही चहाडी होत नाही, पण त्या सहकाऱ्याला आधी कळवून मग जावे: “हे काम अडले आहे, म्हणून मी उद्या साहेबांशी बोलणार आहे. त्यापूर्वी आपल्यात काही ठरत असेल तर बरे.” बऱ्याचदा काम त्याच संध्याकाळी येते. आले नाही, तर वरिष्ठांपुढे स्वभावाविषयी अवाक्षर न काढता घडलेले तेवढे मांडा: कोणते काम, कोणत्या तारखेला मागितले, कोणती तारीख मिळाली होती, आता काय अडले आहे आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे. अडचण खुद्द वरिष्ठांकडूनच असेल, म्हणजे मंजुरी त्यांच्याच टेबलावर पडून असेल, तर थांबलेल्या कामांची छोटी यादी दर सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘मंजूर’, ‘नामंजूर’ किंवा ‘बदल हवा’ एवढेच लिहायला जागा सोडा.